तीन पुड्या काजळी

दाजीसाहेबांच्या टाकातून शाईचा असा टपोरा थेंब पडला, की पोलिटिकल एजंटसाहेबांचं नाव त्याखाली सबंध बुडालं. खलिता साडेतीन पानांचा होता आणि थेंब शेवटून दुसऱ्या ओळीत पडला होता. आठवड्यातली ही तिसरी खेप. दाजीसाहेबांनी टाक उजेडात धरला, निबेच्या फटीत काहीतरी अडकलेलं पाहिलं आणि सबंध दफ्तराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काजळी भरड आहे! बोलवा त्या लालासाबला!"

कोल्हापूरच्या महाराजांना गादीवर येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. दाजीसाहेब मुख्य असलेल्या दरबारच्या या दफ्तराला शाई पुरवायचं काम मात्र त्याहून जुनं, लालासाबच्या आजापासूनचं. करडईच्या तेलाचे दिवे लावायचे, त्यांवर मातीचे परळ पालथे धरायचे, धरलेली काजळी पिसाने झाडून घ्यायची आणि बाभळीच्या डिंकात दिवसच्या दिवस घोटायची. परळ ज्योतीजवळ धरला तर काजळी बारीक जमते, वीतभर वर धरला की भरड. इथवर कोणीही सांगेल. पण जमलेली काजळी नेमकी किती बारीक आहे, हे ओळखायचं कसं? लालासाबच्या घरात ते अंगठ्याने ओळखत. चिमूट घ्यायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं. आजाचा अंगठा एवढा तयार होता म्हणे, की काजळी कुठल्या दिव्याची आहे तेही तो सांगे. बाजारात लोक लालासाबला सलाम करत तो निम्मा त्याच्या अंगठ्याला असे.

आता आतली गोष्ट. हा अंगठा चार वर्षांपूर्वीच मेला होता. घाईघाईत तापलेला परळ उचलताना तो असा भाजला, की जखम भरून आली तेव्हा वर पायताणाच्या तळासारखी कातडी तयार झाली. त्या अंगठ्याने लालासाब तव्यावरची भाकरी उलटू शकत होता. बारीक-भरड मात्र त्याला काही कळत नव्हतं. तेव्हापासून काजळीची परीक्षा त्याची बायको कुलसुम करत असे. बोटभर काजळी गालावर ओढायची. खरखरली तर भरड, नाही खरखरली तर दरबारला. हे नवराबायकोखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं.

"दरबारात तुमचा अंगठा आनि घरात माजा गाल," कुलसुम घोटता घोटता म्हणायची. "सलाम मात्र तुमालाच."

तर असा हा लालासाब दाजीसाहेबांसमोर येऊन उभा राहिला.

"तुझी काजळी भरड आहे."

"रावसाहेब, ह्या अंगठ्याखालनं गेल्याबिगर चिमूटभर काजळी आमच्या घरातनं भाईर पडत न्हाय," लालासाबने अंगठा पुढे केला. खोटं बोलायची सवय झाली की माणसाला ते पाठ होतं, तसं त्याचं झालं होतं.

"अंगठ्याचा काय भरवसा?" कोपऱ्यातून आवाज आला. तो होता कागलचा आकाराम. दरबारचं काम आपल्याला मिळावं म्हणून हा गृहस्थ महिनाभर दफ्तराच्या पायरीवर काजळीचा डबा आणि पितळी वाटी घेऊन बसत असे. "काजळी पान्यात सोडून बगावी, सरकार. बारीक असंल ती तरंगती, भरड असंल ती बुडती. पानी काय खोटं बोलत न्हाय."

तेवढ्यात रजेचा अर्ज घेऊन आलेले कॉलेजातले शास्त्राचे मास्तर, त्रिंबकराव, मोठ्याने हसले. त्यांच्याकडे नुकतंच विलायतेहून सूक्ष्मदर्शक यंत्र आलं होतं आणि गेले दोन महिने कोल्हापुरात कोणालाही काहीही सूक्ष्म बघायची गरज पडली नव्हती. "अंगठा काय, पाणी काय! हा निव्वळ अडाणीपणा आहे. कण डोळ्यांनी पाहायचा असतो. शिवाय काजळीच हवी तर माझ्या घासलेटच्या दिव्याची घ्या. काच काळी होते ती काय उगाच?"

दाजीसाहेबांना वाद आवडत असे, कारण निकाल द्यायला मिळतो. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. गुरुवारी दहा वाजता तिघांनी आपापली काजळी आणायची. आण्णा कारकून आतल्या खोलीत तिन्हीच्या तीन पुड्या बांधील, वर नंबर घालील आणि कोणता नंबर कोणाचा ते चिठ्ठीवर लिहून लाखेने बंद करील. मग तिघांनी आपापल्या रीतीने तिन्ही पुड्या तपासायच्या आणि सर्वांत बारीक कोणती ते सांगायचं. प्रत्येकाचा दावा आपलीच बारीक असा होता, तेव्हा जो आपली पुडी नेमकी काढील त्याची रीत खरी आणि त्याची शाई दरबारची.

लालासाबच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर अंगठा नुसता दाखवायचा असे, चालवायचा नसे.

गुरुवारी आण्णा तीन डबे घेऊन आत गेला तो लवकर बाहेरच येईना. आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेला होता आणि केसांतून पाणी निथळत होतं.

"आंघोळ केलीत की काय?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"उकडत होतं, साहेब," आण्णा म्हणाला. मार्गशीर्षाचा महिना होता आणि शिपाई कानाला मफलर गुंडाळून उभा होता. पण पुड्या तीन होत्या, नंबर नीट घातलेले होते, चिठ्ठीवर लाख होती. कोणी पुढे विचारलं नाही.

पहिला मान यंत्राला. मास्तरांनी ते खिडकीत मांडलं, खालचा आरसा फिरवून ऊन पकडलं आणि डोळा लावला. सगळे कारकून टाक खाली ठेवून भोवती जमले.

"दिसलं?" दाजीसाहेब.

"दिसलं."

"काय दिसलं?"

"कण."

"केवढे आहेत?"

"काळे आहेत," मास्तर म्हणाले आणि काच उपरण्याने पुसून पुन्हा डोळा लावला. असं पाच-सहा वेळा झालं. पुसताना उपरण्याची काजळी काचेला लागत होती की काचेची उपरण्याला, हे सांगणं अवघड होतं. अखेर मास्तर ताठ झाले. त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती काळं कडं उमटलं होतं. "पहिली पुडी. शास्त्राच्या दृष्टीने प्रश्नच नाही."

मग आकारामने तीन वाट्यांत पाणी भरलं, प्रत्येकीत चिमूटभर काजळी सोडली आणि मोठ्याने मोजायला लागला. "येक... दोन... तीन..." काजळी तरंगत राहिली. शंभर झाले, दोनशे झाले. साडेतीनशेला दाजीसाहेबांना जांभई आली. चारशे बाराला शिपाई "अजून किती हाय?" म्हणून वाकून बघायला गेला आणि त्याच्या मफलरचं टोक पहिल्या वाटीत बुडालं. ती वाटी बाद झाली. दुसरीत माशी पडली. तिसरी तेवढी जागेवर होती.

"तीन लंबर!" आकाराम म्हणाला. "बगा, शेवटपत्तुर तरंगली."

"आता लालासाब," दाजीसाहेब म्हणाले.

लालासाबने अंगठ्याकडे पाहिलं. अंगठ्याने काही मदत केली नाही. "रावसाहेब, आदी अंगठा तेलात मुरवाय लागतो."

"तेल आणा!"

तेल लगेच आलं. दरबारात नको तेव्हा सगळं लगेच येतं.

"ह्ये न्हवं. घरचं पायजे. पाच वरसं जुनं, करडईचं. आनि बुधलीचं बूच आमच्या घरातल्यांबिगर कुनाला निगत न्हाय. त्येनाच घिऊन याला सांगा."

शिपाई गेला आणि अर्ध्या तासाने कुलसुमला घेऊन आला. चादर डोक्यावरून घेतलेली, हातात बुधली, आणि चालण्यावरूनच कळत होतं की चुलीवरचं सोडून आली आहे. अंगठ्याला तेल चोळायचं काम घरच्या माणसाचंच, आणि तेल मुरेपर्यंत पुड्याही अंगठ्याजवळच लागतात, आमच्यात तशी रीत आहे, असं लालासाबने सांगून टाकलं. दाजीसाहेबांना रीतीरिवाजाचा आदर होता. त्यांनी नवराबायकोला आतल्या खोलीत पडद्यामागे पाठवलं आणि पुड्यांवर नजर ठेवायला आण्णाला बरोबर दिलं.

"या अल्ला, कसलं तेल? कसली रीत?" कुलसुम दबक्या आवाजात कडाडली.

"हळू बोल. गाल फुडं कर."

"ह्या कारकुनाच्या फुडं?"

"आण्णा, तिकडं भितीकडं त्वांड करा. आमच्यात रीत हाय."

आण्णाने निमूट भिंतीकडे तोंड केलं. चादरीच्या आत कुलसुमने पहिल्या पुडीचं बोट गालावर ओढलं, मग दुसऱ्या पुडीचं, मग तिसऱ्या. थांबली. पुन्हा दुसऱ्या गालावर तिन्ही ओढून पाहिली.

"तिन्ही येकच हायती," ती म्हणाली.

भिंतीकडे तोंड केलेल्या आण्णाला उचकी लागली.

"येकच कशी असतील? येक माजी, येक आकारामची, येक मास्तरच्या घासलेटच्या दिव्याची!"

"मला काय म्हाईत? गाल म्हनतोय येकच."

"थंडीनं फुटलाय तुजा गाल."

"फुटला न्हाय. गेली चार वरसं फुटला न्हाय, तो आजच फुटला व्हय?"

लालासाबने तिन्ही पुड्या पुन्हा निरखल्या. बाहेर जाऊन तिन्ही एकच म्हणावं, तर हसं होईल. पहिली म्हणावी तर मास्तरांची री ओढल्यासारखं, तिसरी म्हणावी तर आकारामची. मधली धरावी म्हणजे फार चुकणार नाही, असा विचार करून तो बाहेर आला. तेलकट अंगठ्याने तिन्ही पुड्या चोळल्या, डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाला, "दोन लंबर."

दाजीसाहेबांनी लाख फोडली आणि चिठ्ठी वाचली. एक, लालासाब. दोन, आकाराम. तीन, त्रिंबकराव मास्तर.

जो तो मनात जुळवाजुळव करत होता. सर्वांत आधी जमलं ते शिपायाला. "म्हंजे मास्तरांनी लालासाबची निवडली, आकारामनं मास्तरांची निवडली आन् लालासाबनं आकारामची! सोताची कुनालाच वळकली न्हाय की वो!"

मास्तर यंत्राची काच पुसू लागले. आकारामचा चेहरा आधी पडला आणि मग एकदम खुलला. "पन माजी पास झाली न्हवं? आनि कुनी किली? तीन पिढ्यांच्या अंगठ्यानं! लालासाब, उपकार झालं गड्या."

लालासाबला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्याच तोंडाने आपण आजाचं काम कागलला देऊन बसलो होतो.

"कोणाचंच पास नाही!" दाजीसाहेब गरजले. "ज्याला आपली काजळी ओळखता येत नाही त्याची शाई मी वापरणार नाही. उद्यापासून विलायती शाई. बाटलीतली!"

"मी म्हनालीच हुती," पडद्यामागून खणखणीत आवाज आला. "तिन्ही येकच हायती म्हनून."

"कोण बोलतंय?"

"कुलसुम बोलतिया. लालासाबच्या घरातली."

दाजीसाहेबांना हसू आलं. "अगं बाई, तीन ठिकाणची काजळी आहे ती. एक कशी असेल?" त्यांच्यामागोमाग कारकून हसले, मास्तर हसले, आकाराम तर गुडघ्यावर थापा मारून हसला.

लालासाबला तेवढं मात्र सहन झालं नाही. त्याच्या अंगठ्याला हसले असते तर त्याने मान खाली घातली असती. पण चार वर्षं जी बाई काळ्या गालांनी त्याचं नाव पांढरं ठेवत होती, तिला हसत होते. बोलावं तर आजाच्या अंगठ्याचं नाव जाणार, न बोलावं तर घरातले दिवे विझणार. त्याने क्षणभर डोळे मिटले.

"हसू नगा, रावसाहेब. तिचा गाल चुकत न्हाय. चार वरसं दरबारची शाई त्या गालानंच पास किलीया. माजा अंगठा मेलाय."

मास्तर काच पुसायचे थांबले.

"मेलाय म्हणजे?"

"भाजला तवाच मेला. कायबी कळत न्हाय त्येला."

दाजीसाहेब खात्री केल्याशिवाय मानणारे नव्हते. त्यांनी टाचणी घेतली आणि लालासाबचा हात टेबलावर ठेवून घेतला. लालासाब खिडकीबाहेर बघत राहिला. बराच वेळ गेला तेव्हा म्हणाला, "टोचताय कवा?"

टाचणी निम्मी आत गेलेली होती.

"आता ह्या हिशेबानं," आकाराम कुत्सितपणे म्हणाला, "बाईचा गाल खरा, म्हंजे तिन्ही पुड्या येकच पायजेत!"

सगळे पुन्हा हसले. आण्णा हसला नाही. तो सावकाश पुढे आला आणि त्याने दाजीसाहेबांचे पाय धरले.

"साहेब, पुड्या बांधत होतो. तिन्ही ढीग कागदावर मांडले होते. आणि शिंक आली."

"मग?"

"फार मोठी आली, साहेब. तिन्ही ढीग एक झाले. थोडे माझ्या तोंडावर आले. उरले त्यांचे परत तीन केले."

मास्तरांनी यंत्र हळूच पेटीत ठेवलं. आकारामने तिन्ही वाट्यांतलं पाणी खिडकीतून ओतून दिलं. तीन पिढ्यांचा अंगठा, कागलचं पाणी आणि विलायतेची काच या तिघांनी एकाच काजळीत तीन तऱ्हा शोधून काढल्या होत्या, आणि खरं बोलला होता तो एकटा पडद्यामागचा गाल.

"ते असू दे," दाजीसाहेब जरा नरमून म्हणाले. "पण मग माझ्या टाकात अडकतंय काय? थेंब का पडतात?"

पडद्यातून एक हात बाहेर आला. "दौत द्या हिकडं."

शिपायाने टेबलावरची दौत नेऊन दिली. थोड्या वेळाने ती परत आली.

"काजळी आमचीच हाय. बारीक हाय. पन ह्यात वाळू हाय."

"वाळू? माझ्या दौतीत? अशक्य!" दाजीसाहेबांचा पारा पुन्हा चढला आणि तो उतरवायला आण्णा समोरच होता. त्यांनी कागद ओढला, टाक दौतीत बुडवला आणि झरझर दोन ओळी लिहिल्या. आण्णा कारकुनाने शिंकेबद्दल लेखी खुलासा करावा. खाली सही ठोकली. मग ओली शाई टिपायला, वर्षानुवर्षांच्या सवयीने, डबीतली चिमूटभर वाळू अक्षरांवर भुरभुरली. वाळू वाया घालवणं त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी कागद उचलला, दुमडून पन्हळ केली आणि वाळू परत डबीत ओतली. डबी उजव्या हाताला होती. तिला खेटून उघडी दौत होती. निम्मी वाळू डबीत गेली आणि निम्मी सर्रकन दौतीत.

सगळ्यांनी पाहिलं. शिपाई मफलर पिळू लागला, मास्तर आढ्याकडे पाहू लागले. लालासाबला त्या दिवशी खरं बोलायची चटक लागली होती. त्याने तोंड उघडलंसुद्धा, पण पडद्यामागून कुलसुम अशी काही खोकली की त्याने ते मिटून घेतलं.

दाजीसाहेबांनी डबीकडे पाहिलं, दौतीकडे पाहिलं. "हं," एवढंच म्हणाले. आण्णाच्या खुलाशाचा कागद त्यांनी फाडून टाकला. मग दौतीला झाकण लावत करड्या आवाजात म्हणाले, "आण्णा, सगळ्या कारकुनांना ताकीद द्या. वाळूची डबी यापुढे डाव्या हाताला ठेवायची. फार निष्काळजीपणा चालतो या दफ्तरात!"

"होय, साहेब."

"आणि आजचा अहवाल लिहून घ्या. नवी दौत काढा. लालासाबच्याच शाईची." दाजीसाहेब येरझारा घालू लागले. "आज रोजी काजळीची परीक्षा समक्ष झाली. लालासाब शाईवाले यांनी वडिलोपार्जित अंगठ्याने परीक्षा केली. अंगठा अचूक ठरला. शाईचं काम पूर्ववत त्यांच्याकडे."

"पन रावसाहेब," लालासाब कळवळून म्हणाला, "अंगठा तर मेलाय! गाल खरा ठरलाय की!"

"दफ्तरात बाईमाणसाचा गाल लिहायची पद्धत नाही," दाजीसाहेब म्हणाले. "शिंक आणि वाळू लिहायचीही नाही. पुढं काय राहिलं? अंगठा. लिहा, आण्णा."

नवराबायको घरी निघाली. रस्त्यात दोघा-तिघांनी लालासाबच्या अंगठ्याला सलाम केला, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग चाल हळू करून कुलसुमच्या बरोबरीने आला.

"मी समद्यांच्या म्होरं खरं सांगितलं की गं. तुज्या गालाचंच नाव घेतलं. पन कागदावर त्येंनी पुन्ना अंगठाच लिवला."

"लिवला कुटल्या शाईनं?"

"आपल्याच."

"मग झालं तर," कुलसुमने चादर सारखी केली. आत दोन्ही गालांवर मिळून सहा काळ्या रेघा होत्या. "ती शाई मी सोता पास किलीया. आता दोनशे वरसं ते पुसत न्हाय. चला बिगीबिगी, चुलीवर आमटी हाय."